वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक आणि मुलांसाठी अयोग्य संकेतस्थळे

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यातील एका गावात राहतो. यजमान जहाजावर नोकरीला असल्यामुळे वर्षातील बराच काळ घरी नसतात. घरी मी, सासूबाई, सातवीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी असे चौघे असतो. मुलांच्या अभ्यासासाठी यंदा संगणक आणि फायबरची जोडणी घेतली. क्रिकेटचा सामना फुकट दाखवणारे एक संकेतस्थळ मुलाने उघडले, तेव्हा पडद्यावर अश्लील जाहिराती येऊ लागल्या. त्याने घाबरून संगणक बंद केला, पण मला काही सांगितले नाही; धाकटीकडून कळले. संगणक विकून टाकावा, असे सासूबाई म्हणतात. मला ते पटत नाही. यावर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?
— एक आई, गुहागर तालुका

उत्तर : तुमचा मुलगा वाईट काही शोधायला गेला नव्हता, ही गोष्ट सर्वांत आधी सासूबाईंना समजावून सांगावी. सामने आणि नवे चित्रपट चोरून फुकट दाखवणारी बहुतेक संकेतस्थळे अशा जाहिरातींवरच चालतात आणि तेथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर त्या येतात. मला अधिक काळजी वाटते ती त्याने तुम्हाला सांगितले नाही याची. म्हणून कोणतेही कुलूप लावण्यापूर्वी त्याला जवळ बसवून दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : त्याने संगणक बंद केला ते योग्यच केले, आणि पुन्हा असे घडल्यास तुम्हाला सांगितल्याबद्दल त्याला रागावणार नाही किंवा संगणक काढून घेणार नाही.

सॉफ्टवेअर विकत घेण्याची सध्या गरज नाही. दुकानदार संगणक देतो तेव्हा त्यावर बहुधा एकच खाते असते, त्याला सर्वाधिकार असतात, आणि घरातील सर्वजण तेच वापरतात. अशा खात्यावर तुम्ही कोणतेही बंधन घातले, तरी त्याच खात्यावर बसणारे मूल ते काढून टाकू शकते. त्यामुळे पहिले काम म्हणजे ते मूळ ॲडमिनिस्ट्रेटर खाते स्वतःकडे ठेवून त्याला मुलांना सुचणार नाही असा पासवर्ड घालणे, आणि दोन्ही मुलांसाठी मर्यादित अधिकारांची दोन वेगळी खाती उघडणे. वाढदिवसाची तारीख किंवा दुचाकीचा क्रमांक हा पासवर्ड नव्हे. मुले तो पहिल्या दिवशीच ओळखतात.

विंडोज असलेल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टची ‘फॅमिली सेफ्टी’ ही सुविधा विनामूल्य मिळते. तिच्यात मुलांची खाती जोडून अयोग्य संकेतस्थळे आणि शोध गाळण्याचा पर्याय चालू करावा. तिसरीतल्या मुलीसाठी याहून कडक पर्याय आहे : तुम्ही यादीत घातलेली संकेतस्थळेच तिला उघडता येतील. मुलाला मात्र अशी यादी लावू नये. सातवीच्या प्रकल्पासाठी त्याला रोज नवे काही शोधावे लागेल आणि रोज तुमच्याकडे परवानगी मागून तो कंटाळेल. अडवलेले संकेतस्थळ खरोखर हवे असल्यास मूल तेथूनच विनंती पाठवू शकते आणि पालक ती आपल्या खात्यातून मान्य करू शकतात. यजमानांनाही पालक म्हणून जोडता येईल, पण जहाजावर इंटरनेट नेहमी मिळेलच असे नसल्यामुळे सर्व सूत्रे तुमच्याही हाती असावीत. ही गाळणी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येच चालते, हे विसरू नये. म्हणून मुलांच्या खात्यावर दुसरा ब्राउझर उघडत नाही ना, हे स्वतः तपासून पाहावे.

दुसरे कुलूप राउटरवर, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या पेटीवर, लावता येते. कोणतेही संकेतस्थळ उघडताना संगणक आधी त्याच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता डीएनएस नावाच्या सेवेला विचारतो. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी एक विनामूल्य डीएनएस सेवा सुरू केली, जी अश्लील आणि घातक संकेतस्थळांचा पत्ता देतच नाही. तुमच्या जोडणीवाल्याला राउटरच्या डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते घालून द्यायला सांगावे. टाइप करताना अंक इंग्रजी असावेत. राउटरचा मूळचा पासवर्डही त्याच वेळी बदलून घ्यावा, कारण तो अनेकदा राउटरच्या खालच्या बाजूला छापलेलाच असतो.

आपल्या भागात येथे एक अडचण हमखास येते. पावसात झाड पडून फायबरची तार तुटते, दुरुस्ती होईपर्यंत अभ्यास अडू नये म्हणून आपण फोनचा हॉटस्पॉट सुरू करतो, आणि त्या काळात राउटरवरच्या कुलपाचा काहीच उपयोग उरत नाही. म्हणून हेच पत्ते संगणकाच्या वायफाय सेटिंगमध्येही ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून घालून ठेवावेत. मर्यादित खात्यावरून ते बदलता येत नाहीत.

एवढे करूनही काही निसटेल. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दूरसंचार विभागाने ८२७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्यास सांगितले, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांतील काही नाव किंचित बदलून पुन्हा उघडली. गडगा घातला म्हणजे गुरे बागेत शिरत नाहीत, पण वानरे येतातच. शिवाय डीएनएस संपूर्ण संकेतस्थळ अडवते, त्यातील एखादे पान किंवा चित्रफीत नाही. यूट्यूब उघडे आहे म्हणजे त्यातील सारेच उघडे आहे. तेथे ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ आणि गूगलवर ‘सेफसर्च’ चालू करावे. संगणक माडीवर असेल तर खाली माजघरात आणावा आणि पडदा येण्याजाण्याच्या वाटेकडे असावा. सासूबाईंना संगणक येत नसला, तरी त्या तेथे बसून तांदूळ निवडत आहेत एवढ्यानेही फरक पडतो, असे माझे मत आहे.

प्रश्न : मुलगा आणि सून नोकरीसाठी मुंबईत आहेत, दहावीतला नातू आमच्याकडे राहून शिकतो. तो रात्री उशिरापर्यंत संगणकावर असतो. त्याच्या नकळत मी ब्राउझरची नोंद पाहिली, तर ती कोरी होती. याचा अर्थ काय समजावा?
— एक आजोबा, देवगड

उत्तर : आजोबा, कोऱ्या नोंदीवरून काहीच ठरवता येत नाही. नोंद पुसता येते, आणि ब्राउझरच्या खाजगी खिडकीत (इनकॉग्निटो किंवा इनप्रायव्हेट) पाहिलेले त्याच्या नोंदीत राहतच नाही. त्याने काही लपवले असेल, किंवा मित्राशी झालेल्या साध्या गप्पा आजोबांनी वाचू नयेत एवढेच त्याला वाटले असेल. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दुसरी शक्यता मुळीच क्षुल्लक नाही.

चोरून पाहणे आपण थांबवावे, असे मी आग्रहाने सांगेन. नातवाला ते कळले, तर तो जपून वागणार नाही, फोन घेऊन समुद्रावर जाईल, आणि तेथे आपली कोणतीच नजर पोहोचणार नाही. त्याऐवजी त्याच्या आईवडिलांनी त्याला सांगून वर दिलेली ‘फॅमिली सेफ्टी’ त्याच्या खात्यावर सुरू करावी. तिच्यात एजमधील खाजगी खिडकी बंद होते, संगणक वापरण्याच्या वेळा ठरवता येतात, आणि आठवड्याचा अहवाल पालकांकडे येतो. तो अहवाल रविवारी नातवाच्या समोरच उघडावा. रात्री दहानंतर संगणक बंद, हा नियम मात्र घरातील सर्वांना सारखा असावा. आपण मोबाइलवर बातम्या पाहत बसलात, तर तो ऐकणार नाही.

प्रश्न : घरच्या संगणकावर सर्व व्यवस्था केली आहे. पण गणपतीला मुंबईहून दिरांची मोठी मुले येतात आणि त्यांच्या फोनवर आमची मुले काय पाहतात ते कळत नाही. पाहुण्यांना कसे बोलावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : पाहुण्यांचे फोन घरच्या वायफायवर असतील, तर राउटरवरची डीएनएसची गाळणी सहसा त्यांनाही लागू होते, मात्र ते स्वतःच्या सिमवरचा डेटा वापरत असतील, तर होत नाही. त्यामुळे येथे बोलणेच आवश्यक आहे, आणि ते चतुर्थीच्या गर्दीत नव्हे, तर दीर-जावांशी आधी फोनवर बोलावे. त्यांच्या मुलांवर संशय न घेता, ‘आमच्याकडे लहान मुलांच्या हाती फोन ओसरीवर सर्वांसमोरच देतो’ एवढे सांगितले तरी पुरते. घरच्या संगणकाचा पासवर्ड मात्र कोणत्याही भाच्या-पुतण्याला देऊ नये. हवे तर त्यांच्यासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते उघडून ठेवावे.

कोणी मोठा मुलगा किंवा अनोळखी व्यक्ती मुलांना अश्लील चित्रे दाखवत असेल किंवा त्यांच्याकडे त्यांचे फोटो मागत असेल, तर तो घरातल्या घरात मिटवण्याचा विषय राहत नाही. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार हा गुन्हा ठरू शकतो. आलेले संदेश पुसू नयेत, मुलाला दोष देऊ नये, आणि १०९८ या बालकांसाठीच्या विनामूल्य क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे.