त्रुटीची दुरुस्ती नव्हे, पूर्तता

नेटवर्कवर माहिती लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, जाते आणि काही पॅकेटे वाटेत नाहीशी होतात. प्रश्न असा आहे : या ‘पॅकेट लॉस’ला मराठीत ‘पाकीट हरवणे’ म्हणावे की ‘पॅकेट नुकसान’? आणि त्यावर उपाय म्हणून जे ‘एरर करेक्शन’ करतात त्याला ‘त्रुटी सुधारणा’ म्हटलेले चालेल का?

नुकसान गारपिटीने होते. पॅकेट गळते, गहाळ होते. ते झाले. कानाला टोचते ती ‘त्रुटी सुधारणा’, आणि ती हल्ली जिथे तिथे ऐकू येते.

हिंदीने त्रुटी म्हणजे चूक असे ठरवले, ते त्यांच्या घरी. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीतला कारकूनसुद्धा हा भेद पाळतो. अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडलेला नसला तर शेरा येतो, ‘त्रुटींची पूर्तता करावी’. नावात ‘पाटील’चे ‘पाटिल’ झाले असेल तर मात्र ‘दुरुस्ती करावी’. त्रुटी म्हणजे जे असायला हवे ते नाही. चूक म्हणजे जे आहे ते भलतेच.

मूळ धातू ‘त्रुट्’, म्हणजे तुटणे. तुटणे, तोडणे, तूट, तोटा, त्रोटक ही सगळी एकाच घरची पोरे. वाळवीने पोथीचा कोपरा खाल्ला की संपादक तिथे ‘त्रुटित’ असे लिहितो. मजकूर चुकला असे तो म्हणत नाही. अमरकोशात त्रुटीचे अर्थ वेलदोडा, अगदी थोडा काळ आणि संशय असे दिले आहेत. चूक त्यात नाही. आणि तो थोडा काळ तरी किती? ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी दिलेल्या कोष्टकाने हिशेब केला तर एका सेकंदात ३३,७५० त्रुटी बसतात, म्हणजे एक त्रुटी सुमारे २९.६ मायक्रोसेकंदांची. आता सेकंदाला ४०० मेगाबिटच्या लाइनवर १५०० बाइटचे पॅकेट चढायला लागतात ३० मायक्रोसेकंद. एक पॅकेट गळले की अक्षरशः एका त्रुटीची त्रुटी! योगायोग आहे, मान्य. पण असा योगायोग सोडवत नाही.

संस्कृतवाले इथे ‘लोप’ पुढे करतात, ‘अदर्शनं लोपः’ (न दिसणे म्हणजे लोप) या पाणिनीच्या सूत्रासकट. पण लोप नियमाने होतो आणि झालेला लोप कोणी भरून काढत नाही. राउटरची, म्हणजे पॅकेटे पुढे धाडणाऱ्या यंत्राची, रांग भरली म्हणून पडलेल्या पॅकेटला पाणिनी कशाला?

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. तारेत एखादा बिट उलटला, ० चा १ झाला, तर ती चूक. पण इथरनेटच्या तारेवर पॅकेट ज्या वेष्टनातून जाते त्या फ्रेमच्या शेपटीला ३२ बिटांची सीआरसी, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, असते. ती जुळली नाही की नेटवर्क कार्ड अख्खी फ्रेम फेकून देते. वरच्या प्रोग्रामपर्यंत चूक पोचतच नाही, पोचते ती त्रुटी. आवाज आणि चित्र पाठवण्याच्या आरटीपी या पद्धतीत पॅकेटांवर क्रमांक असतात. ४१०१, ४१०२, ४१०४ असे आले की ४१०३ नाही हे कळते. भोक कुठे आहे ते ठाऊक असले की काम निम्म्यावर येते. १९६० च्या रीड-सॉलोमन संकेतात, म्हणजे जादा बाइट जोडून बिघाड भरून काढण्याच्या गणिती रीतीत, २२३ बाइटांमागे ३२ जादा बाइट दिले तर कुठे आहेत ते माहीत नसलेल्या १६ चुका दुरुस्त होतात, पण जागा माहीत असलेल्या त्रुटी ३२ भरून निघतात. दोहोंना एकच शब्द वापरणाऱ्याला हा दुपटीचा फरक मराठीत सांगताच यायचा नाही.

सर्वांत साधी पूर्ती एक्सऑरची : बिट एकाखाली एक मांडायचे, १ विषम वेळा आला तर १, नाहीतर ०. ०११०, १०११, ०००१ या तीन पॅकेटांचे एक्सऑर ११००. ते चौथे, जादाचे पॅकेट. दुसरे गळाले? उरलेल्या तिघांचे एक्सऑर करा : ०११०, ०००१, ११००. उत्तर १०११. विटा मागवताना तूटफूट धरून थोड्या जास्त मागवतात, तसेच हे.

इथे नवशिके दोनदा आपटतात. पहिले, पॅकेटांची लांबी सारखी नसते. आखूड पॅकेटे शून्यांनी भरून सारखी करतात, पण मूळ लांबीचेही एक्सऑर बरोबर पाठवावे लागते. नाहीतर परत मिळालेले पॅकेट कुठे संपते ते कळत नाही. दुसरे, गळती ओळीने होते. एका गटातली दोन गेली की एक जादा पॅकेट काहीच करू शकत नाही. म्हणून १० स्तंभ आणि ५ ओळी अशी ५० पॅकेटे मांडून प्रत्येक स्तंभाला एक जादा देतात. पॅकेटे ओळीओळीने निघतात, त्यामुळे सलग १० गळाली तरी प्रत्येक स्तंभातले एकच जाते. किंमत २० टक्के जादा वाहतूक, आणि ५० पॅकेटे जमेपर्यंत थांबणे. संभाषणात ते परवडत नाही, टीव्हीच्या प्रक्षेपणात परवडते. रॅप्टरक्यू नावाच्या संकेतात तर कोणते गळाले याला महत्त्वच नाही : मूळ जितकी होती त्याहून दोनच जास्त पॅकेटे, कोणतीही, हाती आली तर दहा लाखांत एखाद्या वेळीच पूर्ती फसते.

गळती गर्दीमुळे होत असेल तर मात्र जादा पॅकेटे घालू नयेत. रांग आधीच भरलेली असते, त्यात ही भर पडते आणि गळती वाढते. अशा वेळी पाठवण्याचा वेग कमी करायचा.

एक आक्षेप येईल : ‘बस चुकली’, ‘पोर चुकले’ यांतही नसणे आहेच, मग चूक का नको? पण चुकलेले पोर कुठेतरी असते. भलत्याच राउटरकडे गेलेल्या पॅकेटला खुशाल ‘चुकलेले’ म्हणा. न आलेले ते गळालेले, ते भरून काढणे ही त्रुटिपूर्ती, आणि बिट सरळ करणे ही चूकदुरुस्ती.

राहिले ‘पाकीट’. ते खिशातले.