गोंदियात उडत्या सारसांचे फोटो काळे आणि धूसर येतात. कॅमेरा कसा लावू, एडिटिंग कसं करू?

तुमच्याकडे कॅनन ९०डी आणि १५०-६०० लेन्स आहे, आणि सारस उडाले की कधी काळी आकृती येते, कधी डोकं मऊ पडतं, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन वेगळे आजार आहेत.

काळेपणा आकाशामुळे येतो. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाचा हिशेब लावतो आणि आकाशापायी पक्ष्याला अंधारात ढकलतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) +१ करा, असं बरेच जण सांगतील. त्याने भागतं, पण तोच सारस खाली उतरून झाडांच्या ओळीसमोर आला की पांढराफटक होतो. पक्ष्यावर पडणारं ऊन तेवढंच असतं, बदलते फक्त मागची बाजू. म्हणून पूर्ण मॅन्युअल लावा, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप बदलणं) बंद. सूर्य पाठीशी घ्या आणि उगवल्यावर अर्ध्या तासाने शटर १/२०००, छिद्र एफ/७.१, आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. बांधीत (भाताच्या खाचरात) चरणाऱ्या सारसाचा एक फोटो काढून डोक्यावर झूम करून बघा. तिथली लाल कातडी खडबडीत, दाणेदार असते. ते दाणे दिसले तर ठीक. सपाट लाल ठिपका दिसला तर आयएसओ ६४० वर आणा. ऊन चढत जाईल तसं दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

आता धूसरपणा. पंख पसरले की सारस जवळजवळ अडीच मीटर होतो. ९०डीवर ६०० मिमीला १०० मीटरवर चौकटीची रुंदी जेमतेम पावणेचार मीटर भरते. एकटा पक्षी कसाबसा मावतो, जोडी मावतच नाही. शिवाय एफ/६.३ ला फोकसची खोली तिथे सहा-साडेसहा मीटरच असते, त्यामुळे जोडीतला एक पक्षी जरा मागे असला की तो मऊ पडणार. जोडीसाठी ३०० मिमी आणि एफ/८ ठेवा. रुंदी साडेसात मीटर होते आणि खोली तिसाहून जास्त. मग क्रॉप करा, ३२ मेगापिक्सेल आहेत कशाला!

या कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस नाही. एआय सर्वो (हलत्या पक्ष्यावर सतत फोकस), झोन एएफ (एका बिंदूऐवजी बिंदूंचा गट), फोकस मागच्या एएफ-ऑन बटणावर, आणि ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी उणे बाजूला, म्हणजे मध्ये झाड आलं तरी फोकस त्यावर उडी मारत नाही. लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) १० मीटर ते अनंतवर. स्टॅबिलायझेशन मोड २ (कॅमेरा पक्ष्यासोबत फिरवताना).

साडेनऊ-दहानंतर धुऱ्यांवरून वाफा उठल्यासारखी हवा थरथरते. तेव्हाचे लांबचे फोटो शटर कितीही वाढवलं तरी मऊच येतात, आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते सुधारत नाही. कॅमेरा बॅगेत टाका.

खरा फायदा उडण्याआधीचे काही सेकंद ओळखण्यात आहे. चरणं थांबतं, माना वर होतात, दोघं एकाच दिशेला तोंड करतात, मग मान पुढे तिरकी ताणली जाते आणि काही ढांगा धावून ते उठतात. तोंड बहुधा वाऱ्याकडे असतं. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी येतील अशी जागा मिळाली तर सोडू नका. पंखाचा वरचा झटका जलद असतो, खालचा सावकाश. सलग दाबून न धरता पाच-सहा फोटोंचे छोटे बर्स्ट घ्या. उडताना मान मुडपलेली दिसली तर तो राखी बगळा. सारसाची मान आणि पाय दोन्ही सरळ ताणलेले असतात.

मात्र उडवायला जवळ जाऊ नका. तुमच्याकडे बघून मान वर झाली की मागे सरका. पावसाळ्यात धानात घरटी असतात, तेव्हा बांधीत पाय नकोच. कापणीनंतर सांडलेलं धान टिपायला ते मोकळ्यावर येतात, तोच हंगाम बरा.

एडिटिंग रॉ फाइलवरच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल). व्हाइट बॅलन्स ५२००-५५०० केल्व्हिन, नाहीतर राखाडी पिसं निळी पडतात. मग पक्ष्याचा मास्क करून फक्त त्याचं एक्स्पोजर +०.३ ते +०.७. सगळ्या फोटोच्या शॅडोज ओढल्या की पंखाखाली चिखलासारखा नॉइज उठतो. क्लॅरिटी आणि डीहेझ जपून: लांब मानेभोवती पांढरी झालर दिसली की जास्त झालं. डोकं भडक वाटलं तर व्हायब्रन्सला हात न लावता फक्त लाल सॅच्युरेशन १०-१५ ने उतरवा. काळ्या पंखटोकांवर जांभळी कड येते, ती डीफ्रिंजने (रंगीत कड काढणाऱ्या स्लायडरने) जाते. शार्पनिंगचं मास्किंग ७०-८०, म्हणजे आकाश खरखरीत होत नाही. क्रॉपमध्ये चोचीपुढे मागच्यापेक्षा जास्त जागा सोडा.

एक्स्पोर्ट एसआरजीबी, लांब बाजू २०४८ पिक्सेल. जीपीएस माहिती काढून टाका, आणि फोटोखाली जिल्हा लिहा, तलावाचं नाव नको.