साधनाचा चुडीदार शिवताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तू अभिनेत्री साधना निवडलीस, याचा फार आनंद झाला. पण तुझ्या आराखड्यातली निम्मी पानं तिच्या केसांवरच गेली आहेत. १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी तिचं रुंद कपाळ बटांनी झाकलं आणि ‘साधना कट’ देशभर पोचला, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. त्या गोष्टीला एक परिच्छेद पुरे. तू कपडा शिकते आहेस, तर कपड्याकडे चल.

त्यासाठी १९६५ चा ‘वक्त’ पाहा. आवाज बंद करून पाहिलास तरी चालेल. त्यातले साधनाचे अंगासरशी बसणारे कुर्ते आणि घट्ट चुडीदार वेशभूषाकार भानू अथैयांनी केले. भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, ‘ईव्हज वीकली’साठी फॅशनची चित्रं काढायच्या आणि तिथून पोशाखाकडे वळल्या. ‘गांधी’च्या वेशभूषेचं ऑस्कर १९८३ मध्ये मिळालं, आणि त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण तिथेच रेंगाळतात. मला मात्र त्यांचा हात या कुर्त्यांत जास्त दिसतो.

चुडीदार तेव्हा नवा नव्हताच. उत्तरेत बायका-पुरुष दोघेही तो पिढ्यान्‌पिढ्या घालत होते. नेहरूंच्या अचकनीखालीही तोच असायचा. साधना आणि भानूताईंनी परक्या मुलखातलं काही आणलं नाही, ओळखीच्या कपड्याची मापं बदलली. कुर्त्याचा घेर काढला, कंबरेला टक्स घेतले म्हणजे कापड चिमटून शिवलं, कुठे बाह्याच वगळल्या. म्हणून तर तो पडद्यावरून गल्लीतल्या शिंप्याकडे इतक्या सहज उतरला. अंग झाकलेलं, ओढणी आहे, कापड आपलंच, त्यामुळे घरच्यांना नाही म्हणणं जड गेलं. आणि कॉलेजच्या मुलीला बस पकडता येईल असा, तरीही नटल्यासारखा वाटणारा पोशाख मिळाला. आपल्याकडे पुढे पंजाबी ड्रेस रुळला, त्याची वाट अशा कुर्त्यांनी बरीच सोपी केली, असं माझं ठाम मत आहे.

तुझ्या नमुन्याच्या चित्रात जरी, आरसे, मोती सगळं आहे. ते आत्ता बाजूला ठेव. तेव्हा लायक्राचं कापड सर्रास मिळत नव्हतं, सगळा ताण कापणीतून काढावा लागायचा. म्हणून तूही लेगिंगचं कापड घेऊ नकोस. साधा मांजरपाट, म्हणजे कोरं सुती कापड घे, त्याची आधी तिरपी पिशवी शीव आणि पाय उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरपे काप. सरळ कापलास तर गुडघा वाकताना शिवण उसवेल. पोटरीला माप अगदी नेटकं हवं, पण खाली टाच निघायला वाव ठेव. मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, फारच अरुंद झाली तर तिथे टिचबटणं लाव. लांबीत वीतभर जादा धर, घोट्यावरच्या चुड्या, म्हणजे बांगड्यांसारख्या घड्या, त्यातूनच पडतात. कमी लांबीत चुड्या पाडायला गेलीस तर नुसत्या सुरकुत्या दिसतात.

कुर्त्यात सगळं मुंढ्यावर, म्हणजे हात घालायच्या गोल कापावर आहे. बिनबाह्यांच्या कुर्त्याचा मुंढा खोल गेला की हात वर केल्यावर आतलं दिसतं, उथळ राहिला की काखेत काचतो. हे कागदावर कळत नाही, अंगावर घालूनच कळतं.

भानूताईंचंच दुसरं काम जोडीला घ्यायचं असेल तर १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’तली मुमताजची केशरी साडी घे. नाचताना सुटू नये अशी ती बेतली होती. तिथेही साडी तीच, नेसणं बदललं.

पहिला नमुना जिला घालशील तिला मांडी घालून बसव, जिना चढायला लाव, हात वर करायला सांग. मग तो न धुता, खडूच्या खुणांसकट माझ्याकडे घेऊन ये. रविवारी दुपारी मी घरीच असते. मुंढा आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
बाई