पहिल्या वर्कशॉपला आणि कंपनी व्हिजिटला जाण्याआधी

अगं, घाबरू नकोस. फॅशन डिझाइन शिकताना पहिल्या व्हिजिटला सगळ्यांचीच भंबेरी उडते. आत्ता तीनच गोष्टी पक्क्या कर, ड्रेपिंग (पुतळ्यावर कापड लावून बेतणं) आणि सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी.

१. कापड हाताला कळू दे. शनिवारी मुंबईतल्या मंगलदास मार्केटला, म्हणजे कापडबाजारात जा, सुती, रेयॉन आणि पॉलिस्टरचे छोटे तुकडे घे, वहीत चिकटव आणि बाजूला भाव लिही. काठाला समांतर जातो तो उभा धागा. तो चुकला की शिवलेला कपडा अंगावर पिळतो, मग शिलाई कितीही सुबक असो. वर्कशॉपमध्ये नव्या मुलांची हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. दुसरी चूक म्हणजे सुती कापड न धुता बेतणं. आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडावर, नमुना शिव, मगच महागाच्या कापडाला कात्री लाव.

२. कपडे बनवणाऱ्या कंपनीत गेलीस की शोरूममध्ये रमू नकोस, कटिंगच्या टेबलाशी उभी राहा. कापडाचे थर एकावर एक अंथरतात आणि वर मार्कर, म्हणजे कपड्याचे सगळे तुकडे आखलेला लांब कागद, ठेवतात. त्यात तुकडे किती दाटीने बसवलेत ते बघ. कपड्याच्या खर्चात सहसा सगळ्यात मोठा वाटा कापडाचाच असतो, म्हणून तिथे इंचाइंचाचा हिशेब चालतो. मला डिझाइनचा खरा अर्थ त्या टेबलाशीच उमगला.

३. मास्टरजींना (कापड बेतणाऱ्या मुख्य कारागिरांना) आणि अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीवर, जरीकाम करणाऱ्या कारागिरांना प्रश्न विचार, पण काम सुरू असताना मध्ये बोलू नकोस. फोटोआधी परवानगी हवीच.

बंद बूट घाल, केस बांध. घरी आल्यावर त्याच रात्री वही लिही.