रात्री झोपेत असताना मोबाइल डेटा वापरला गेल्याचं बिलात दिसतं. हे कसं शक्य आहे?

तुम्ही लिहिलंय की घरात वाय-फाय आहे, फोन चार्जिंगला लावलेला होता, तुम्ही गाढ झोपेत होता आणि तरीही बिलात रात्री २ वाजता काही जीबींचा वापर दिसतोय. कंपनी फसवतेय का आणि पैसे परत मिळतील का, असं तुम्ही विचारता. या प्रश्नाला सगळीकडे दोनच उत्तरं मिळतात. कस्टमर केअर म्हणतं, "वापर तुमच्याच नंबरवरून झालाय." ओळखीपाळखीचे म्हणतात, "कंपन्या रात्री डेटा चोरतात." मी बिलांच्या तक्रारी तपासतो आणि ही दोन्ही उत्तरं ऐकून मला तितकाच राग येतो. पहिलं उत्तर प्रामाणिक माणसाला खोटं पाडतं आणि दुसरं त्याला चुकीच्या ठिकाणी भांडायला पाठवतं. तुम्ही खरं बोलताय. बिलातला आकडाही बहुधा खराच आहे. डेटा तुम्ही नाही, तुमच्या फोनने वापरला.

आधी त्या २ वाजण्याचं बघू. बिलातल्या डेटाच्या ओळीपुढे जी वेळ असते, ती वापराची वेळ नसते, नोंदीची असते. फोन नेटवर्कशी डेटाचं सत्र जोडतो तेव्हा कंपनीच्या गेटवेवर, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या दारावर, नोंद उघडते. सत्र तुटलं, ठरावीक एमबी भरले किंवा ठरावीक वेळ उलटली की ती नोंद बंद होऊन पुढची सुरू होते. बिलात यातली कुठली वेळ छापायची, सुरुवातीची की शेवटची, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. त्यामुळे संध्याकाळी ७ ला पाहिलेला व्हिडिओ रात्री २ च्या ओळीत दिसू शकतो आणि २ ची ओळ पहाटे ५ पर्यंतचा वापर पोटात घेऊन बसलेली असू शकते. "२ वाजता मी झोपलो होतो" एवढ्या एका मुद्द्यावर तक्रार उभी केलीत तर ती टिकत नाही. रोमिंगची नोंद असेल तर घोळ आणखी वाढतो, कारण ती वेळ बहुधा ज्या देशात फोन होता तिथली असते.

आता असंच एक बिल सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातल्या जवळपास सगळ्या गोष्टी त्यात होत्या. ओळ रात्री २ वाजून ७ मिनिटांची, वापर ३.४ जीबी. फोन आयफोन, उशाशी चार्जिंगला. घरचा राउटर रात्रभर चालू. त्या दिवशी फोनवर १४ मिनिटांचं चित्रीकरण झालेलं, चार तुकड्यांत. फोरके, सेकंदाला ३० फ्रेम आणि हाय एफिशियन्सी या सेटिंगला आयफोन मिनिटाला साधारण १७० एमबी खातो. हा आकडा फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लिहिलेला असतो. १४ गुणिले १७०, म्हणजे २,३८० एमबी. मग उरलेला एक जीबी गेला कुठे? सगळा वाद त्याच्यावर अडला होता. ग्राहकाचं म्हणणं, "व्हिडिओ सगळे मिळून अडीच जीबीसुद्धा नाहीत, मग तुम्ही साडेतीन कसे लावता?" बाहेरून पाहिलं तर बिनतोड मुद्दा.

उलगडा असा. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वाय-फाय देत होता, आणि फोन फक्त ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडलेला होता. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंत ओलांडताना तो २.४ च्या तुलनेत लवकर ढेपाळतो, आणि झोपायची खोली राउटरपासून दोन भिंती पलीकडे. रेंज काठावर. ती तुटली, फोन गुपचूप मोबाइल डेटावर आला. चार्जिंगला लावलेला, कोणी हात न लावलेला फोन हीच बॅकअपची आवडती वेळ, त्यामुळे फोटो-व्हिडिओ चढवणारं ॲप तेव्हाच कामाला लागलं होतं. त्या ॲपला मोबाइल डेटा वापरायची परवानगी होती. पहिल्यांदा उघडताना एका स्क्रीनवर "पुढे" दाबलं तेव्हा ती देऊन झाली होती. सहा मिनिटांचा एक तुकडा, म्हणजे १,०२० एमबी, जवळजवळ पूर्ण चढला आणि जोडणी तुटली. त्या ॲपने तो पुन्हा पहिल्यापासून पाठवला. अर्धवट गेलेला डेटाही मोजला जातो आणि पुन्हा पाठवलेलाही. २,३८० अधिक १,०२०, झाले ३.४ जीबी. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपसमोर दिसणारा आकडाही याच घरातला निघाला. कंपनीचं मोजमाप बरोबर होतं आणि ग्राहकानेही काही लपवलं नव्हतं.

या बिलातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. डेटा म्हणजे फक्त खाली उतरणारा नव्हे. वर चढणाराही तेवढाच मोजला जातो. दुसरी, वाय-फायचं चिन्ह झोपताना दिसलं म्हणजे रात्रभर ते तिथेच होतं असं नाही.

तुमचा फोन तपासताना हाच क्रम ठेवा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटा उघडा, खाली ॲपवार आकडे दिसतील. त्यांच्या वर "करंट पीरियड" लिहिलेलं असतं आणि इथे बहुतेक जण फसतात: हा चालू महिना नव्हे. तुम्ही शेवटचं "रिसेट स्टॅटिस्टिक्स" दाबलं त्या दिवसापासूनची ती बेरीज आहे. कधीच दाबलं नसेल तर आकडा दोन वर्षांचाही असू शकतो. बिलाच्या पहिल्या तारखेला तो रिसेट करा, नाहीतर त्याचा उपयोग शून्य. काढून टाकलेल्या ॲपचा वापर "अनइन्स्टॉल्ड ॲप्स" या ओळीत जातो, तीही पाहा. अँड्रॉइडवर नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये सिम निवडून डेटाच्या वापरात जा; तिथे महिन्याची मोजणी कधी सुरू होते ती तारीख बदलता येते, ती बिलाच्या तारखेशी जुळवा. फोन १ तारखेपासून मोजतोय आणि बिल १७ पासून, असं असेल तर दोन आकडे कधीच जुळणार नाहीत. एकदा तारखा जुळवल्या की थोडाफार फरक राहतो, तो सोडून द्या. दुप्पट-तिप्पट फरक असेल तर तुमची तक्रार खरोखर वजनदार आहे.

नेहमीचे चोरखळगे माझ्या अनुभवाच्या क्रमाने सांगतो. पहिला बॅकअप. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज रात्री २ वाजता फोनमध्येच बॅकअपची फाइल बनवतं. त्याला डेटा लागत नाही, पण गूगल ड्राइव्हवर चढवायला लागतो, आणि चॅट बॅकअपमध्ये "सेल्युलर"ची खूण चालू आणि व्हिडिओही सामील असतील तर २ वाजताच्या तुमच्या ओळीचं कारण इथेच सापडू शकतं. गूगल फोटोजमध्ये मोबाइल डेटावरचा बॅकअप वेगळा बंद करावा लागतो. आयक्लाउड फोटोजमध्ये "अनलिमिटेड अपडेट्स", म्हणजे मोबाइल डेटावर कितीही फोटो चढवायची मुभा, कधीही चालू ठेवू नका.

दुसरा खळगा वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर उडी मारण्याचा. आयफोनवर त्याचं नाव वाय-फाय असिस्ट. ते २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर आलं, आपोआप चालू असतं आणि मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी दडलेलं असतं, सगळ्या ॲपची यादी संपल्यावर. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे ते फक्त समोर उघडलेल्या ॲपसाठी चालतं आणि रोमिंगमध्ये चालत नाही. म्हणून रात्रीच्या वापराचा दोष त्याच्यावर ढकलू नका; दिवसा कोपऱ्यातल्या खोलीत बसून केलेल्या वापरासाठी मात्र तेच बघा. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर वाय-फायच्या प्रगत सेटिंगमध्ये असाच "मोबाइल डेटावर जा" हा पर्याय असतो.

तिसरा हॉटस्पॉट. लॅपटॉपला तुमचा फोन म्हणजे एक वाय-फाय, बस्स. तो सिस्टिमचं अपडेट, क्लाउडचं फोल्डर सगळं मोकळ्या हाताने ओढतो. विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "मीटर्ड कनेक्शन", म्हणजे इथला डेटा मोजून वापरायचा ही खूण, चालू करा. हे प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळं असतं, त्यामुळे फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं की पुन्हा करावं लागतं.

चौथा, दोन सिमचे फोन. आयफोनवर "अलाऊ मोबाइल डेटा स्विचिंग" चालू असेल तर दुसऱ्या सिमवर कॉल चालू असताना डेटाही त्या सिमवर जातो. परदेशात गेल्यावर डेटासाठी तिथलं सिम आणि कॉलसाठी घरचं, अशी जोडी लावणारे इथे हमखास भरडले जातात, जर घरच्या सिमचं डेटा रोमिंग चालू राहिलं असेल तर. रोमिंगचं बोलायचं तर, घेतलेला पॅक देशांच्या यादीपुरताच असतो. जहाजावरचं आणि विमानातलं नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि ते बहुधा त्या यादीत नसतं. सीमेजवळ राहणाऱ्यांचा फोन पलीकडच्या टॉवरलाही लागतो. डेटा रोमिंग बंद, हा एकच उपाय. परदेशातल्या वापराची नोंद तिथल्या कंपनीकडून यावी लागते आणि ती उशिरा येते, म्हणून घरी परतल्यावर पुढच्या महिन्यात बिल फुगतं.

व्हिडिओचा हिशोब तोंडपाठ ठेवा: १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) म्हणजे तासाला ४५० एमबी. ५ एमबीपीएसचा १०८०पी व्हिडिओ तासाला २.२५ जीबी खातो. १६० केबीपीएसचं (सेकंदाला १६० किलोबिट) गाणं तासभर ऐकलं तर ७२ एमबी. म्हणून गाणी बंद करून डेटा वाचवणाऱ्याने आधी व्हिडिओची क्वालिटी उतरवावी.

आता ज्यावरून माझं नेहमी वाजतं ते. "रात्री मोबाइल डेटा बंद करून झोपा" आणि "सगळी ॲप रोज झाडून टाका" (म्हणजे मागे उघडी राहिलेली ॲप बोटाने सरकवून बंद करा) हे सल्ले मला पटत नाहीत आणि कधीही पटणार नाहीत. डेटा रोज हाताने बंद करणारा एक दिवस विसरतो आणि बिल त्या एका दिवसाने बिघडतं. वरच्या बिलातली रात्र एकच होती. ॲप झाडून टाकलं तर ते उघडताना बरंच काही नव्याने उतरवतं, म्हणजे बचत सोडा, खर्च वाढतो. आणि बॅकअप झाडूनही अनेकदा पुन्हा उभा राहतो. शिस्तीवर टाकलेला उपाय हा उपायच नाही. मर्यादा अशी हवी की माणूस विसरला तरी ती पाळली जाईल. अँड्रॉइडवर "डेटा वॉर्निंग अँड लिमिट"मध्ये लिमिट चालू करा आणि पॅकपेक्षा ५ ते १० टक्के कमी ठेवा, कारण फोनचं आणि कंपनीचं मोजमाप तंतोतंत जुळत नाही. आयफोनमध्ये अशी मर्यादा नाहीच. म्हणून खरी मर्यादा कंपनीकडे लावून घ्या: पॅक संपला की जादा दराने डेटा चालू न राहता बंद पडावा किंवा वेग उतरावा, हे लेखी मागा आणि ते लागू झाल्याचा मेसेज जपून ठेवा. ही सोय जिथे मागितल्याशिवाय मिळत नाही, तिथे ते मला सरळ अन्यायाचं वाटतं. पॅक संपल्यावर जादा दर लावायचा असेल तर आधी ग्राहकाचा होकार घ्यायला हवा. नकार कळवायची जबाबदारी त्याच्यावर टाकणं चूक आहे.

पैसे परत मिळण्याबद्दल: तुमच्या फोनचा आकडा बिलाशी जुळत असेल तर "मी वापरलाच नाही" असं लिहू नका, तक्रार तिथेच पडेल. सत्रवार नोंदी मागा, म्हणजे प्रत्येक नोंदीची सुरुवात, शेवट आणि एमबी. मर्यादा संपत आल्याचा इशारा कधी आणि कुठल्या नंबरवर पाठवला, ते विचारा. इशारा गेलाच नसेल किंवा सगळं उधळून झाल्यावर गेला असेल तर तुमचा मुद्दा तोच. सोबत एक विनंती जोडा: या महिन्यापुरता जास्त डेटाचा पॅक मागच्या तारखेपासून लावावा. आकडा चूक असल्याच्या भांडणापेक्षा ही विनंती जास्त वेळा मान्य झालेली मी पाहिली आहे. जी रक्कम तुम्हाला मान्य आहे ती मुदतीत भरा, उरलेलीवर वाद आहे असं लेखी कळवा.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. डेटा कडकडीत बंद पडण्याची मर्यादा सगळ्यांसाठी नाही. रक्तातल्या साखरेच्या सेन्सरचा इशारा घरच्यांना फोनच्या डेटावरून जात असेल, घराचा कॅमेरा किंवा धोक्याची घंटा त्याच सिमवर असेल, तर बंद पडण्याऐवजी वेग उतरवण्याचा पर्याय घ्या. कुटुंबाचा एकच सामायिक पॅक असेल तर मर्यादा प्रत्येक नंबरवर वेगळी लावा, नाहीतर एकाच फोनचा बॅकअप सगळ्यांचा डेटा संपवेल. साधे कॉल आणि एसएमएस यांना या मर्यादेने काही होत नाही. ओटीपी येत राहतील.