टपावरचं ऊन, गाडीतली शेगडी : कॅम्परव्हॅनच्या सोलरविषयी वाचकांचे प्रश्न

टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून फिरणाऱ्यांकडून आणि तसं करायला निघालेल्यांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. हिशेबात जिथे ‘युनिट’ म्हटलंय ते वीजबिलातलंच युनिट, म्हणजे १००० वॅट-तास.

पुणे : ट्रॅव्हलरचं काम बॉडी बिल्डरकडे सुरू आहे. दोन पंखे, दिवे, छोटा फ्रिज, लॅपटॉप आणि सकाळी इंडक्शनवर चहा-पोहे, कधी कुकर, एवढीच गरज. दुकानदार म्हणतो, ‘तीन केव्हीएचा सेट टाका, बघायलाच नको.’ पॅनेल किती आणि बॅटरी केवढी घ्यावी?

केव्हीएच्या आकड्यावरून एका वेळी किती वीज ओढता येईल तेवढं कळतं. दिवसभरात किती लागणार हे त्यातून कळत नाही, आणि गाडीत अडतं ते तिथेच. म्हणून आधी वही-पेन घ्या. १२ व्होल्टचे दोन पंखे, २० वॅटचे, १० तास : ४०० वॅट-तास. चार एलईडी दिवे पाच तास : १००. ४५-५० लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्याकडच्या उष्म्यात दिवसाला ५०० च्या आसपास घेतो. लॅपटॉप-मोबाइलचे १५०, पाण्याच्या पंपाचे १५. इंडक्शनवर चौघांचा चहा ८०, पोहे १७०, कुकर २००. इन्व्हर्टरमध्ये जाणारी घट धरून ही शेगडी ५०० ला पडते.

आता एक गोष्ट, जी यादीत कुणीच लिहीत नाही. दोन-तीन हजार वॅटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी २०-३० वॅट खातो. २० धरले तरी चोवीस तासांचे ४८० वॅट-तास झाले, म्हणजे दुसरा फ्रिजच पोसल्यासारखं. पंखे, दिवे, फ्रिज, पंप आणि मोबाइल थेट १२ व्होल्टवर घ्या. इन्व्हर्टर फक्त शेगडी-मिक्सरपुरता चालू करा, आणि त्याचं बटण हाताशी येईल असं बसवा. पलंगाखाली राहिलं तर ते कुणी बंद करत नाही. असं केलं तर इन्व्हर्टरचे ४० धरून दिवसाची गरज १७०० वॅट-तासांवर थांबते.

महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण पाच तास ‘पूर्ण ऊन’ धरतात, म्हणजे दिवसभराचं कमी-जास्त ऊन भर दुपारच्या उन्हाच्या तासांत मोजलं तर. पॅनेल टपावर आडवं असतं, तापतं, धुळीने माखतं, म्हणून छापील वॅटच्या ७०-७५ टक्केच हाती येतात. १७०० भागिले पाच, भागिले ०.७२ : ४७० वॅट. म्हणजे ५४० वॅटचं एक पॅनेल पुरतं. बॅटरी १२.८ व्होल्ट २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट : २५६० वॅट-तास, त्यातले ८५ टक्के वापरायचे. ढगाळ दिवसाला थोडी गंगाजळी उरते. इन्व्हर्टर २००० वॅटचा, प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा. स्क्वेअर वेव्हवर मिक्सर घुरघुरतो आणि त्याची मोटर तापते. इंडक्शन शेगडी घेताना ती १२०० वॅटवर सलग चालते का, ते दुकानातच बघा. काही शेगड्या ‘कमी’वर ठेवल्या तरी पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतात, आणि मग इन्व्हर्टरला प्रत्येक वेळी पूर्ण झटका बसतो.

कोल्हापूर : ५४० वॅटचं पॅनेल, पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये ३० अँपिअरचा साधा कंट्रोलर, १५० एएचची ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी. दुपारी तीनलाही बॅटरी भरत नाही. पॅनेल खराब आहे का?

पॅनेल ठणठणीत असणार. साधा कंट्रोलर म्हणजे पीडब्ल्यूएम. तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीइतकं खाली ओढलं जातं. तुमचं पॅनेल ४१ व्होल्टला १३ अँपिअर देण्यासाठी बनवलेलं आहे. तेच साडेतेरा व्होल्टवर आणलं की साडेतेरा गुणिले साधारण साडेतेरा, म्हणजे १८० वॅट. उरलेल्या ३६० वॅटचे पैसे तुम्ही दिलेत, वीज मात्र मिळत नाही. पीडब्ल्यूएम वाईट नाही, तो ३६ सेलच्या, १८ व्होल्टच्या पॅनेलसाठी आहे. शिवाय बरेच साधे कंट्रोलर १२ व्होल्टच्या बॅटरीवर पॅनेलकडून २५ व्होल्टच सोसतात. तुमच्या पॅनेलचं उघडं (काहीही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज ४९-५० आहे, तेव्हा कंट्रोलरवरचं लेबल आजच वाचा.

एमपीपीटी घ्या, ४० अँपिअरचा. हा कंट्रोलर पॅनेलला त्याच्या ४१ व्होल्टवरच ठेवतो आणि जास्तीच्या व्होल्टेजचा बॅटरीसाठी करंट करून देतो. नुसत्या छापील नावावर जाऊ नका. ‘एमपीपीटी’ लिहिलेले आणि आतून पीडब्ल्यूएम असलेले डबे बाजारात भरपूर आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. भर उन्हात बॅटरी अर्धी रिकामी असताना मल्टिमीटर पॅनेलकडच्या दोन टर्मिनलवर लावा. ३५ ते ४१ व्होल्ट दिसले तर खरा. बॅटरीइतकेच १३-१४ दिसले तर दुकानात परत.

पुढे दुसरं पॅनेल सिरीजमध्ये जोडायचा विचार असेल तर १५० व्होल्टचाच कंट्रोलर घ्या. दोन पॅनेलचं उघडं व्होल्टेज ९९, आणि थंडीत ते वाढतं. पहाटे पाच अंश असताना १०४ पर्यंत जातं, आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर पहिल्या उन्हातच जळतो. उन्हाळ्यात महिनोन्महिने नीट चाललेला सेट डिसेंबरात महाबळेश्वरला गेल्यावर जळतो तो यामुळे.

तरीही सगळा दोष कंट्रोलरवर टाकू नका. १५० एएचच्या ट्यूब्युलरला १५-२० अँपिअरपेक्षा जास्त करंट द्यायचाच नसतो, आणि शेवटचे २० टक्के भरायला ती कित्येक तास घेते. तुमच्याकडे दिवसा फ्रिज-पंखे त्याच १३ अँपिअरमधून आपला वाटा काढून घेतात, बॅटरीला उरतं ते थोडं. एमपीपीटीने दिवसाचा वापरही भागेल आणि बॅटरीलाही तिचे पंधरा-वीस मिळतील. कंट्रोलरमध्ये चार्जिंगची मर्यादा २० अँपिअरवर ठेवायला विसरू नका. रोज अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट चढतं आणि वर्षा-दोन वर्षांत बॅटरी बसते. आणखी एक : ही बॅटरी झोपायच्या खणाखाली ठेवली असेल तर आधी बाहेर काढा. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, घाटात ॲसिड हिंदकळतं. तिची जागा बाहेरून उघडणाऱ्या, हवा खेळणाऱ्या खोक्यात.

नाशिक : लिथियम २०० एएच, पूर्ण भरलेली. २००० वॅटचा इन्व्हर्टर. १५०० वॅटची केटल लावली की इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून ओरडतो आणि काही सेकंदांत बंद पडतो. केबल १० स्क्वेअर एमएम, लांबी तीन मीटर.

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. १२ व्होल्टवर १५०० वॅट म्हणजे इन्व्हर्टरची घट धरून १३० अँपिअर. तीन मीटर जाताना आणि तीन येताना, १० स्क्वेअर तांब्याच्या तारेचा रोध जवळपास ०.०१०७ ओहम भरतो. १३० ला गुणलं की १.४ व्होल्ट तारेतच जातात. व्होल्टेज पडलं की तेवढेच वॅट मिळवायला इन्व्हर्टर आणखी करंट ओढतो, ते दीडशेच्या घरात जातं, आणि इन्व्हर्टरच्या तोंडाशी ११.२ उरतात. एखादा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) सैल असला की अर्धा व्होल्ट आणखी गेला, आणि साडेदहाला तो बंद होतो. मधल्या काळात त्या तारेत २०० वॅटहून जास्त उष्णता तयार होते. प्लायवुडच्या मागून गेलेल्या तारेत! ही केबल बदलेपर्यंत केटल लावू नका.

खात्री करायची तर केटल चालू असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तार आणि जोड. नंतर मीटरचं एक टोक लगवर आणि दुसरं त्याच बोल्टच्या खालच्या पट्टीवर, असं एकेका जोडावर ठेवत जा. कुठे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड उघडा. हातोड्याने चेपलेला लग बहुधा तिथेच सापडतो.

इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभरात आणा, ५० स्क्वेअरची बारीक तारांची लवचीक केबल घ्या, लग हायड्रॉलिक क्रिम्पने दाबून घ्या. मग घट ०.१ व्होल्टवर येते. व्होल्टेज हळूहळू न पडता एकदम शून्य होत असेल तर केबलऐवजी बीएमएसकडे, म्हणजे बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटकडे बघा. २०० एएचच्या कित्येक बॅटऱ्यांत १०० अँपिअरचाच बीएमएस असतो, आणि २००० वॅटला पावणेदोनशे लागतात.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. २०० ते २५० अँपिअरचा, शक्यतो क्लास टी, कारण लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सुटतात आणि साध्या फ्यूजला ते तोडता येत नाहीत. घरातला एसी एमसीबी इथे वापरू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि तेव्हा ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही, एमसीबी पडला तरी आत ठिणगी जळत राहते.

नागपूर : मे महिन्यात रात्रभर एक टनाचा इन्व्हर्टर एसी सोलरवर चालेल का?

फक्त टपावरच्या पॅनेलवर, नाही. आठ तास सरासरी ६०० वॅट धरले तर घट धरून ५.३ युनिट झाले. ट्रॅव्हलरच्या टपावर झरोके आणि एसीचं बाहेरचं युनिट सोडून ५४० ची दोन पॅनेल एकामागे एक बसतात. रुंदीत दुसरी रांग मावत नाही. मे मध्ये साडेसहा तास ऊन धरलं तरी पॅनेल ६५-७० अंशांना तापून १५ टक्के कमी देतं, वर धूळ आणि बाकीची घट, त्यामुळे दिवसाला ४.७-४.८ युनिट. त्यातून फ्रिज, पंखे, शेगडी अशा रोजच्या गरजेचे १.७ आधीच वजा. वर २४ व्होल्ट ३०० एएचची बॅटरी लागेल ती वेगळीच. झोप लागेपर्यंत दोन-तीन तास एसी आणि नंतर पंखा, हे जमतं. रात्रभर हवा असेल तर मुक्कामाला प्लग असलेली जागा शोधा. बरं, पॅनेलमुळे टपावर सावली पडते, त्याने गाडी जरा कमी तापते, हा फायदा फुकटचा.

ह्यूस्टन, टेक्सस : २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, ४०० वॅट सोलर, लिथियमच्या दोन १०० एएच बॅटऱ्या. ३००० वॅटच्या इन्व्हर्टरमध्ये ट्रेलरची ३० अँपिअरची मुख्य केबल खुपसली की सगळे प्लग चालतात, पण सकाळपर्यंत बॅटरी रिकामी. एसी तर लावलाच नव्हता.

चोर दोन आहेत. पहिला फ्रिज. तुमचा ॲब्सॉर्प्शन प्रकारचा असणार, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा. बटण ‘ऑटो’वर असलं आणि त्याला १२० व्होल्ट दिसले की तो गॅस सोडून विजेवर जातो. त्याचं हीटर सुमारे ३२५ वॅटचं. घटीसह ३६० धरा. तुमच्या २५६० वॅट-तासांचा सात तासांत फडशा. बटण गॅसवर ठेवा, मग त्याला फक्त कंट्रोल बोर्डापुरती वीज लागते.

दुसरा चोर ट्रेलरचा कन्व्हर्टर. त्याला इन्व्हर्टरची वीज मिळाली की तो तीच बॅटरी चार्ज करू लागतो जिच्यातून ती वीज येतेय. प्रत्येक फेरीत घट, आणि फेऱ्या रात्रभर. इन्व्हर्टरवर असताना कन्व्हर्टरचा ब्रेकर पाडून ठेवा. कायमचा उपाय म्हणजे ट्रान्सफर स्विच (बाहेरची वीज किंवा इन्व्हर्टर, एका वेळी एकच जोडणारा), आणि इन्व्हर्टरकडून फक्त निवडक प्लगचा वेगळा छोटा बोर्ड. न्यूट्रल आणि अर्थ इन्व्हर्टरवर चालताना इन्व्हर्टरमध्ये जुळलेले असावेत, कॅम्पग्राउंडच्या वीज देणाऱ्या खांबावर लावल्यावर फक्त खांबाकडे. दोन्हीकडे एकदम नकोत. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

चिपळूण : टपाला चिकटवायची लवचीक पॅनेल बरी की फ्रेमची? आणि पावसाळ्यात काय करायचं?

फ्रेमची. चिकटवलेल्या पॅनेलखाली हवा नसते, ते जास्त तापतं, गाडीच्या कंपनाने सेलना बारीक तडे जातात. फ्रेमखाली किमान पाच सेंटीमीटर जागा सोडा. समुद्राकाठी बोल्ट एसएस ३१६ चे, नायलॉकच्या नटांसह. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरची नर-मादी एकाच कंपनीची घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडीत पाणी शिरतं आणि जोड जळतो. ५४० वॅटचं एक पॅनेल २८ किलोच्या आसपास भरतं, ते टपाच्या पत्र्यावर नको, खालच्या आडव्या बारवर घ्या. गाडीत असे बदल केले की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची नोंद लागते.

जुलै-ऑगस्टात कोकणात पूर्ण ऊन तीन तासांच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळतं. तेव्हा टपापेक्षा इंजिन कामाला येतं. अल्टर्नेटरकडून, म्हणजे इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, घरची बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तासाला ४०० वॅट-तास देतो. तीन तास गाडी चालली की १.२ युनिट जमा. लिथियम अल्टर्नेटरला नुसत्या रिलेने जोडू नका, ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टर्नेटर जळतो. चार्जरची इग्निशनची तार चावीवर चालू-बंद होणाऱ्या पॉइंटलाच द्या. ती कायम चालू असलेल्या पॉइंटला दिली तर रात्रभर इंजिनच्या बॅटरीतून घरची बॅटरी भरत राहते, आणि सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.