'टो द लाइन' : ओढायची की टेकायची?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या एका वाचकाने सोसायटीची पार्किंगची नोटीस पाठवली आहे. शेवटचं वाक्य 'ऑल मेंबर्स मस्ट टो द लाइन', आणि त्यातला 'टो' टी-ओ-डब्ल्यू. हे स्पेलिंग चालेल का, आणि सभासदांना असं लिहिणं उद्धटपणाचं नाही का, असं ते विचारतात.

नाही चालणार. टी-ओ-ई लिहा, म्हणजे पायाचं बोट. टी-ओ-डब्ल्यू म्हणजे स्कूटर उचलून नेणाऱ्या टोइंगवाल्यांचं काम. आखलेल्या रेषेला बोटं टेकवून मुकाट उभं राहणं, हा मूळ अर्थ; त्यावरून आता, सांगितलेली शिस्त मुकाट पाळणं. 'टो द मार्क' असं रूप 1813 मध्ये छापलेलं सापडतं.

आता रेषा कुठली? ब्रिटिश संसदेत समोरासमोरच्या बाकांपुढे लाल रेषा आहेत, त्यांच्यात दोन तलवारींचं अंतर, आणि वाक्प्रचार तिथूनच आला, ही कथा सांगणारे विद्वान गल्लोगल्ली आहेत. शुद्ध लोणकढी! तिथे बोलताना रेषा ओलांडायची नसते. इथे तर रेषेला टेकायचं आहे. मुष्टियुद्धवाले जॅक ब्रॉटन या इंग्लिश मुष्टियोद्ध्याचे 1743 चे नियम पुढे करतात, पण त्यात खडूचा चौकोन आहे. चौकोनाला लाइन कोण म्हणतं? मला पटते ती जहाजाची उपपत्ती. डेकच्या फळ्यांमधल्या फटींत जुन्या दोरांचे पिंजलेले धागे ठोकून वर डांबर ओतत. त्याने डेकभर सरळ काळ्या रेघा उमटत, आणि हजेरीला खलाशी त्यातल्याच एकीला बोटं लावून उभे राहत.

पण आपल्याकडे हे 'डब्ल्यू' येतं कुठून? इंग्रजसुद्धा हीच चूक करतात, हे ठाऊक आहे. त्यांची कारणं त्यांना लखलाभ. माझा तर्क असा, की मराठी डोक्यात आधीच 'री ओढणे' बसलेलं आहे. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी, म्हणजे साथीला गाणारे, सूर लांबवतात, ती री. ओढणं आलं की टोइंग आलंच, त्यात ठाण्याचं पार्किंग! फरक एवढाच, की री हौसेने ओढतात आणि रेषेला बोटं धाकाने टेकतात. म्हणून 'नेत्याची री ओढली' याचं इंग्रजी करताना हा वाक्प्रचार डोळे मिटून चिकटवू नये.

उद्धटपणाचं म्हणाल तर, आहेच. 'गाड्या आखलेल्या जागेतच लावाव्यात' एवढं पुरलं असतं.